वाहतुकीचा वैमानिक

नासिकची गोदावरी सायखेड्यावरून पुढें नांदूर मधमेश्वराकडे जाते. १ मार्च २०१९ रोजीं याच गोदेच्या कांठीं नासिकास स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे यांस लष्करी इतमामानें अखेरचा निरोप देण्यांत आला. वय अवघें ३३. नासिकच्या भोसला सैनिकी शाळेंत शिकलेले हे गृहस्थ विमानदळांत वाहतुकीच्या हेलिकॉप्टरचे वैमानिक होते.

२७ फेब्रुवारीचा तो दिवस वाचकांस आठवतो तो बहुधा लढाऊ विमानांच्या झुंजीमुळें. बालाकोटच्या हल्ल्याचा सूड म्हणून पाकिस्तानचीं विमानें काश्मीरवर चालून आलीं आणि मिगचे वैमानिक अभिनंदन वर्धमान घरोघरीं ठाऊक झाले. त्याच सकाळीं श्रीनगरहून उडालेलें एक मि-१७ हेलिकॉप्टर सुमारें दहा मिनिटांत बडगामजवळ कोसळलें. आंतील सहाही जण गेले. जमिनीवरचा एक काश्मिरी नागरिकही गेला. या सातव्याची आठवण आपण सहसा ठेवीत नाहीं.

माल आणि माणसें वाहून नेणाराच्या वांट्यास कीर्ति क्वचितच येते. वास्तविक २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं याच श्रीनगरास डाकोटा विमानांनीं शीख पलटणीचे जवान उतरविले नसते, तर काश्मीरचा इतिहास निराळाच झाला असता!

सायखेड्यास एका व्याख्यानांत मीं हें सांगितलें, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, तें हेलिकॉप्टर शत्रूनें पाडलें काय?"

प्रश्न अवघड होता. समोर गांवचीं वडीलधारीं माणसें बसलेलीं. प्रथम हा अपघात म्हणूनच सांगितला गेला होता. पुढें ४ ऑक्टोबर २०१९ रोजीं विमानदळप्रमुख भदौरिया यांनीं उघडपणें कबूल केलें कीं, आपल्याच क्षेपणास्त्रानें तें पाडलें आणि ती मोठी चूक होती. स्वकीय हेलिकॉप्टर शत्रूचें समजलें गेलें होतें. मीं तें तसेंच सांगितलें.

"मग ते रणांत पडले असें म्हणावें काय?"

"म्हणावें," मीं उत्तर दिलें. "युद्धाच्या आकाशांत ते आपल्या कामावर होते. शासनानेंही २०२० सालीं त्यांस मरणोत्तर वायुसेना पदक दिलें. पण कोणाच्या हातून पडले, तेंही त्याच वाक्यांत सांगावें."

मुलानें वहींत २७ फेब्रुवारी ही तारीख टिपून घेतली होती. तिच्याखालीं ४ ऑक्टोबर ही तारीखही मीं त्यास लिहावयास लाविली.