चासीवर काय बांधायचे? शिर्डी-नगर रस्त्यावरच्या डबल केबिनमागचा इतिहास

शिर्डीतून जाणाऱ्या नगर-मनमाड रस्त्यावर पुढे चार दारांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली गाडी आज कोणाच्या नजरेत भरत नाही. पुढे मालक आणि तीन-चार मजूर, मागे पाण्याची मोटर, खताच्या गोण्या, क्वचित एखादी शेळी. गावाकडे तिला ‘डबल केबिन’ म्हणतात, अमेरिकेत ‘क्रू कॅब’. मांडणी अगदी साधी वाटते. पण ती कारखान्यातून तयार मिळू लागण्याआधी कित्येक दशके अशा गाड्या जुन्या ट्रकांचे भाग जोडून बांधाव्या लागत. त्या बांधणीत एक प्रश्न दडलेला होता आणि पुढे तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला: माणूस नेमका कुठे बसला होता, केबिनमध्ये की हौद्यात?

आधी चासीविषयी. दोन लांब लोखंडी तुळया, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, खाली पाटे आणि चाके, पुढे इंजिन. एवढे असले की ट्रक चालतो. बाकी सगळे वर बांधायचे असते. मोटारगाडीत हा सांगाडा आणि वरचा पत्रा पुढे एकजीव झाला, ट्रकात मात्र तो वेगळाच राहिला. म्हणूनच ट्रकाला अवतार बदलता येतात. बैलगाडीची साटी बदलून तीच चाके वेगळ्या कामाला लावणाऱ्या सुतार-लोहारांना ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नव्हते.

या अवतारांचा सर्वांत देखणा नमुना याच जिल्ह्यात उभा आहे. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाचे अहमदनगर, हे भारतीय चिलखती दळाचे माहेरघर. तेथील रणगाडा संग्रहालय फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झाले. त्यात रोल्स-रॉइसची ‘सिल्व्हर घोस्ट’ चिलखती गाडी आहे. राजेरजवाड्यांच्या मिरवणुकीत शोभावी अशा मोटारीची चासी, आणि तिच्यावर पोलादी पत्रे व बंदुकीचा बुरूज. ऐषारामी गाडीचे युद्धयंत्र झाले ते चासीच्या भरवशावर.

दुसऱ्या महायुद्धात हेच काम भारतात मोठ्या प्रमाणावर झाले. कॅनडाहून फोर्डच्या ट्रक-चासी येत. टाटांच्या पोलादाची कवचे रेल्वेच्या कार्यशाळांत घडवून त्यांवर चढवली जात. ‘इंडियन पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अशा साडेचार हजारांहून अधिक चाकी गाड्या तयार झाल्या. सैनिकांनी त्यांना ‘टाटानगर’ हे नाव दिले. मोटार बनवण्याचा स्वतःचा उद्योग जवळजवळ नसलेल्या देशाने, परक्या चासीवर आपली बॉडी बांधण्याचे कौशल्य युद्धाच्या घाईत हस्तगत केले.

१९४५ मध्ये युद्ध संपले आणि हजारो लष्करी वाहने निरुपयोगी ठरली. ‘डिस्पोजल’ हा शब्द मराठीत रुळला तो या काळात. शेवरले, फोर्ड, डॉज, जीएमसी अशा गाड्या लिलावात निघाल्या. जे पूर्वी फक्त संस्थानिकांना आणि बड्या व्यापाऱ्यांना परवडे, ते थोड्या भांडवलाच्या माणसाच्याही आवाक्यात आले. लष्करी ट्रक विकत घ्यायचा, त्याचा कॅनव्हास काढायचा, सागवानी चौकट उभी करायची आणि रस्त्यावर आणायचा. गाडी माल वाहणार की माणसे, हे सुताराला सांगितले की ठरे.

शिर्डीच्या परिसरात अशा वाहनाला गिऱ्हाईक होतेच. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, पण तो शिर्डीला टाळून कोपरगावावरून गेला. साईबाबांच्या हयातीत आणि १९१८ मधील त्यांच्या समाधीनंतरही भाविक कोपरगावला उतरत आणि उरलेले पंधराएक किलोमीटर टांग्याने किंवा बैलगाडीने कापत. शिर्डीला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळाले ते २००९ मध्ये, विमानतळ २०१७ मध्ये. मधल्या सगळ्या काळात हा टापू रस्त्यावरच्या चाकांवर अवलंबून राहिला.

राज्य सरकारनेही सुरुवात अशाच चासीवरून केली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी धावली. ती बेडफर्ड होती. बॉडी लाकडी, आसनांत काथ्या भरलेला. सुरुवातीच्या ताफ्यात शेवरले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट असे जगभरचे गोत्र एकत्र नांदत होते. यातील अनेक चासी मुळात ट्रकाच्याच जातीच्या. प्रवाशाच्या पाठीला बसणारे धक्के त्याची साक्ष देत, कारण मालाचे ओझे पेलणारे कडक पाटे माणसांचे हलके वजन जुमानत नाहीत. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत एसटी स्वतः बॉडी बांधू लागली. महाराष्ट्राच्या खेड्याला बस दिली ती मोटार कंपन्यांनी, हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे श्रेय पत्रा ठोकणाऱ्या, रिबिट मारणाऱ्या कामगारांचे आहे.

जुन्या ट्रकांचे भाग जपून वापरण्याची सवय मात्र काटकसरीपेक्षा सरकारी धोरणातून अधिक आली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी कारखाना काढला होता. फोर्डही भारतात जुळणी करत असे. पण १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले की, नुसती जुळणी नको, सुटे भागही इथेच बनवा. दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यांचे हजारो ट्रक रस्त्यावर राहिले आणि सुट्या भागांचा झरा आटला. एका मेलेल्या शेवरलेतून तीन जिवंत ठेवायच्या, हा त्या काळचा व्यवहार होता. पेट्रोलचे खादाड इंजिन उतरवून मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स डिझेल बसवणे ही तर सर्रास शस्त्रक्रिया झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे कुर्ल्यातले डॉज-फार्गो आणि १९५४ पासून टेल्कोचे टाटा-मर्सिडीज आले, तरी ग्राहकाला बहुधा मिळे ती उघडी चासी. इंजिनावर बॉनेट, समोर काच नाही, बसायला तात्पुरती फळी. डोळ्यांवर चष्मा आणि डोक्याला फडके गुंडाळून ड्रायव्हर ती शेकडो मैल चालवत बॉडी बांधणाऱ्याच्या दारात नेऊन उभी करी.

अशा चासीवर दुहेरी केबिन बांधायची म्हणजे काय करावे लागे, ते थोडे तपशिलात पाहण्यासारखे आहे. सर्वांत सोपी दिसणारी वाट म्हणजे एकाच जातीच्या दोन जुन्या केबिना मिळवणे. पहिलीची पाठीमागची भिंत कापायची, दुसरीचा पुढचा काचेचा भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे. छप्पर ताणले जाते, तिथे आतून कमानी द्याव्या लागतात; नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात मध्ये पाणी साचते. दोन दारांच्या मधला खांब हा खरा नाजूक भाग. त्यावर मागच्या दाराच्या बिजागऱ्या आणि पुढच्या दाराचे कुलूप, दोन्हींचा भार येतो. तो खांब कमकुवत राहिला की खड्ड्यात दार आपोआप उघडते.

केबिन वाढली की हौदा आखूड होतो. हौद्याची लांबी राखायची तर चासी वाढवावी लागते: तुळया कापायच्या, मध्ये नवा तुकडा घालायचा, दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या जोडायच्या. जाणता कारागीर सांधा सरळ आडवा घेत नाही, तिरपा घेतो, म्हणजे सगळा ताण एका रेषेवर येत नाही. प्रोपेलर शाफ्ट लांबवायचा, मध्ये बेअरिंगचा आधार द्यायचा, ब्रेकची नळी वाढवायची. एवढे करूनही ब्रेक तेच जुने राहतात आणि वजन वाढलेले असते. चासी वाढवणारे पुष्कळ. ब्रेकचा विचार करणारे थोडे.

अमेरिकेतही आरंभ असाच झाला. रेल्वे आणि वीज कंपन्या मजुरांच्या टोळ्या नेण्यासाठी बॉडी बांधणाऱ्यांकडून लांब केबिना करून घेत. १९५७ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने ‘ट्रॅव्हलेट’ ही तयार गाडी आणली. गंमत म्हणजे तिला तीनच दारे होती. मागच्या रांगेसाठी एकाच बाजूला. पुढच्याच वर्षी जर्मनीत फोक्सवॅगनने आपल्या व्हॅनची दुहेरी केबिन बाजारात आणली.

मजुरांच्या टोळ्या इथेही होत्या. पण त्यांच्यासाठी केबिन कोणी बांधली नाही.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीचा प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात गाळप करू लागला. शिर्डीच्या भोवती राहाता, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर असा उसाचा पट्टा फुलला. दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोड कामगार या पट्ट्यात उतरतात. ते ट्रकाच्या हौद्यात किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत येतात: भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या, झोपडीचे बांबू आणि या सगळ्यावर बसलेली बायका-मुले. कागदोपत्री ती मालवाहतूक असते. साखरेच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ झाले. या प्रवासाकडे इतिहासकारांनी फारसे पाहिलेले नाही.

कायद्याने मात्र पाहिले. मालवाहू आणि प्रवासी अशी वाहनांची विभागणी १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होती, तीच १९८८ च्या कायद्यात आली. प्रश्न निर्माण होई तो अपघातानंतर. मालवाहू गाडीत बसून मेलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीने द्यायची का? १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी याला संरक्षण दिले. सत्पाल सिंग खटल्यात, १९९९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अर्थ व्यापक लावला आणि फुकट बसलेल्या प्रवाशालाही विम्याच्या छत्राखाली घेतले. तीनच वर्षांत, २००२ मध्ये, आशा राणी खटल्यात मोठ्या पीठाने तो निकाल फिरवला: मालवाहू गाडीतील असा प्रवासी विमा कंपनीची जबाबदारी नाही. आणि २००७ मध्ये चोल्लेटी भारतम्मा खटल्यात न्यायालयाने आणखी एक रेघ ओढली. मालाचा मालक म्हणजे जो केबिनमधून प्रवास करतो तो. हौद्यात मालावर बसलेला मालकही त्या अर्थाने मालक उरला नाही.

केबिनच्या मागच्या भिंतीला आलेले हे मोल ध्यानात घेतले, तर दुसऱ्या रांगेची किंमत कळते. चार माणसे भिंतीच्या पुढे बसतात की मागे, यावर त्यांच्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरू शकते.

कारखान्यांनी तोवर ही गरज ओळखली होती. टेल्कोने १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आणला. १९९४ ची सुमो त्याच घराण्यातली, म्हणजे पिकअपच्या सांगाड्यावर माणसांची गाडी. शिर्डीहून जवळच असलेल्या नाशिकच्या कारखान्यातून महिंद्राची बोलेरो २००० मध्ये बाहेर पडली आणि तिच्या कुळातील ‘कॅम्पर’ ही दुहेरी केबिनची गाडी शेतकरी, ठेकेदार, वीज खाते यांची लाडकी झाली. युद्धोत्तर विलीज जीपच्या जुळणीतून उभी राहिलेली ही कंपनी. तिने जुनेच गणित कारखान्यात सोडवले. पण ती पाच-सहा माणसांची सोय होती. वीस-पंचवीस माणसांच्या टोळीला तिचा उपयोग नव्हता, आणि आजही नाही.

हाताने बांधलेल्या गाड्यांचे दार यानंतर बंद होत गेले. कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल केलेल्या वाहनाची नोंदणी होऊ शकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने निकाल योग्यच. ब्रेक न वाढवता चासी वाढवणाऱ्यांनी तो ओढवूनही घेतला होता. मात्र त्याबरोबर दोन जुन्या केबिनांतून एक घडवणाऱ्या हातांचे काम जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांपुरते आणि प्रदर्शनांपुरते उरले.

चासीचा अवतार बदलण्याचा मान आता मुख्यतः ज्यांच्याकडे परवानगी आहे त्यांचा. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी थांबले, तेव्हा एसटीने आपल्या जुन्या बसगाड्यांची आसने आणि खिडक्या काढून, पत्रे मारून त्यांचे मालट्रक केले. १९४८ मध्ये ट्रकाच्या चासीवर बाकडी चढली होती; बहात्तर वर्षांनी बाकडी उतरली. आणि एमएच-१७ क्रमांकाच्या, म्हणजे श्रीरामपूर कार्यालयात नोंदलेल्या शिर्डीकडच्या कोणत्याही डबल केबिनच्या आरसी बुकात आजही दोन रकाने असतात: एक बॉडीच्या प्रकाराचा, दुसरा ड्रायव्हर धरून आसनक्षमतेचा. हौद्यात बसणाऱ्यांसाठी तिसरा रकाना नाही.