बांधावरची सुबाभूळ

गेल्या शनिवारी गावी, म्हणजे अंथुर्ण्याला गेलो होतो. चहा संपायच्या आत तात्यांनी (म्हणजे काकांनी) विषय काढला. "कालव्याच्या वरल्या अंगाची जिरायत हाय ना, तिथं ज्वारीच्या कडंनं शेळ्यांसाठी काय लावावं? बघ की तुझ्या काँप्युटरात."

मी लगेच म्हणालो, सुबाभूळ! तात्या नुसते हसले. "आरं, अण्णांनी लावली व्हती की. अजून उपटतोय."

तर झालं असं, की पुण्याला परत आल्यावर मी खरंच वाचत बसलो.

सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. आपल्याकडे तिची हवा झाली ती 1970 नंतर, आणि त्यात मोठा वाटा उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंचा. 1946 साली गांधीजींबरोबर तिथे आलेला हा माणूस कायमचा तिथलाच झाला. 1967 मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था काढली. संकरित गाई गोठ्यात आल्या, पण त्यांना खायला घालायचं काय? कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के, आणि सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात वीसच्या वर! उंच वाढणाऱ्या हवाई बेटांवरच्या जाती आल्या. पाला, सरपण, नत्र, सगळं एकाच झाडात. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या अण्णांना हे पटलं नसतं तरच नवल.

मग एकेक भानगड समजायला लागली. पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं, जनावराला नुसता हाच पाला घातला तर केस गळतात. गंमत म्हणजे हवाईतल्या शेळ्यांना काहीच होत नव्हतं. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने शोधलं, की त्यांच्या पोटातले जिवाणू हे विष पचवतात. 1992 मध्ये त्या जिवाणूला जोन्सचंच नाव दिलं गेलं. (आमच्या क्षेत्रात बग सापडला तर आपलं नाव त्याला लागू नये अशी धडपड असते!) दुसरी भानगड किडीची. पाल्यातला रस शोषणारी एक बारीक कीड 1984 मध्ये हवाईत दिसली आणि 1988 मध्ये दक्षिण भारतात पोचली.

पण तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन्हीत नाही. ते हैदराबादजवळच्या इक्रिसॅटच्या प्रयोगात आहे. ऐंशीच्या दशकात तिथे सुबाभळीच्या ओळींमध्ये ज्वारी, एरंडी, चवळी घेऊन पाहिली. ओळी जवळ असल्या की पिकाचं उत्पन्न घसरायचं. सावलीमुळे असेल असं वाटेल, पण जमिनीत प्लास्टिकचा पडदा पुरून झाडाच्या मुळ्या अडवल्या, तेव्हा पीक पुन्हा सुधारलं. म्हणजे भांडण पाण्याचं होतं! आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यात आणखी एक वाटेकरी आणायचा?

झाड निवडताना सगळ्यांनी पाला किती टन मिळतो ते पाहिलं, अण्णांनीही तेच. पाणी कुणाचं पिणार, हे बहुधा कुणी विचारलंच नाही. आणि छाटणी चुकली की शेंगा धरतात, बी उडतं, पुढच्या वर्षी वावरभर रोपं. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आज सुबाभूळ आहे.

असो. रविवारी रात्री तात्यांना फोन केला. म्हटलं, ज्वारीच्या कडेला काहीच नको. विहिरीच्या ओल्या पट्ट्यात दशरथ घास लावा, पाटाच्या कडेला आपली जुनी शेवरी. आणि सुबाभूळ हवीच असेल तर ओढ्याच्या काठाला ठेवा, पिकापासून लांब. शेळ्यांना एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घालू नका, आणि दर दीड-दोन महिन्यांनी, शेंगा धरायच्या आत, तोडा.

"समदं खरं," तात्या म्हणाले, "पण तोडायला कोण? तू येणार का?"

मोबाईलमध्ये रिमाइंडर लावलाय. शनिवार बघूनच लावलाय.