उशाजवळचं श्वासयंत्र आणि घरातले किडे

श्वासाचं यंत्र उशाशी ठेवून झोपणं ही तशी अलीकडची गोष्ट. १९८० मध्ये सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाला नाकावाटे दाबाची हवा दिली. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती! आजचं सीपॅप त्यातूनच घडलं. आपल्या अंबाजोगाईत १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हा शब्द घरोघरी पोचला तो २०२१ च्या कोरोना लाटेत.

ही यंत्रं तुमच्या खोलीतलीच हवा ओढतात. त्यांची ऊब आणि ह्युमिडिफायरचं पाणी झुरळांना आवडतं. पडून राहिलेल्या नळीत कोळी जाळं विणतो. झुरळांची ॲलर्जी १९६४ मध्ये बर्न्टन आणि ब्राउन या अमेरिकी संशोधकांनी त्वचाचाचणीने नोंदवली. झुरळांच्या विष्ठेने आणि कातीने दमा उसळतो.

म्हणून एवढं करा. यंत्र जमिनीवर नको, टेबलावर ठेवा. भिंतीपासून वीतभर दूर. सीपॅपमधलं उरलेलं पाणी सकाळी ओता. मास्क आणि नळी साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवा. फिल्टर काढून यंत्र चालवू नका. रात्री मास्क लावण्याआधी मिनिटभर हवा नुसती सोडा. चालू यंत्रावर कापड झाकू नका, ते तापतं.

यंत्राजवळ झुरळांचा फवारा मात्र कधीच मारू नका. तेच औषध छातीत जाईल. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मच्छर कॉइलही नको, आग भडकते.