पब्लिशचे बटण कोणाच्या हातात? मुक्ता साळवे ते आजचे पोर्टल

लिहिता येणे आणि लिहिलेले छापता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणाने पहिली गोष्ट आपल्या हातात आली. दुसरीसाठी वेगळी लढाई करावी लागली, आणि ती अजून संपलेली नाही.

आज जिल्ह्याजिल्ह्यातले तरुण एकत्र येऊन चळवळीचे पोर्टल सुरू करतात. नाव ठरते, लोगो तयार होतो, १४ एप्रिलचा मुहूर्त साधून उद्घाटन होते. पण कोण लिहिणार, कोण तपासणार, कोण प्रकाशित करणार आणि प्रकाशित झालेले कोण काढून टाकू शकणार, हा विषय निघाला की "ते टेक्निकल आहे, तो बघेल" असे म्हणून कॉम्प्युटर येणाऱ्या एका मुलावर सोपवला जातो. माझे म्हणणे असे की हा टेक्निकल प्रश्न नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे आणि आपल्या चळवळीला तो जवळपास पावणेदोनशे वर्षे छळतो आहे. म्हणून आधी इतिहास पाहू.

१८५५ : एकीला दार उघडले, एकाला बंद झाले

फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे नियतकालिक. निबंध मुक्ताचा, पण छापायचा निर्णय मिशनऱ्यांचा. त्यांनी तो घेतला म्हणून आज आपल्याकडे मुक्ताचा आवाज आहे. त्या वर्गातल्या आणखी किती मुलींनी काय लिहिले असते, ते छापणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहामुळे ते नाकारले गेले, असे जोतीरावांनीच पुढे नोंदवले आहे. हे नाटक छापील रूपात लोकांपुढे यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. म्हणजे एका नकाराने एक कृती शंभरहून अधिक वर्षे अंधारात राहिली. लेखन जाळावे लागत नाही. मंजुरीच्या टेबलावर ते पडून राहिले तरी पुरते.

१८८३ : आपलेच पत्र, आपलाच नकार

इथपर्यंतची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, कारण तिच्यात अडवणारे दुसरे आहेत. पुढची गोष्ट सांगताना आवाज जरा खाली येतो.

१८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केले. सत्यशोधकांचे हक्काचे पत्र. १८८० पासून ते नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतून चालवू लागले. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पहिले मोठे पुढारी. त्यांच्या निष्ठेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. तरीही जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची पहिली दोन प्रकरणे छापल्यावर पुढची छापायला 'दीनबंधु' धजले नाही. जोतीराव संतापले आणि ग्रंथाबरोबर तो संताप त्यांनी लिहूनही ठेवला.

पत्र आपले, संपादक आपला, लेखक तर चळवळीचा जनक, तरी लेखन अडले. का? कारण कोणत्या कारणासाठी नकार देता येईल, तो किती दिवसांत कळवायचा, आणि लेखकाने दाद कोणाकडे मागायची, याचा नियमच नव्हता. एका माणसाच्या धाडसावर सगळे अवलंबून होते. धाडस संपले तिथे लेखन थांबले. साधन आपल्या मालकीचे झाले की प्रश्न सुटला, हा समज 'दीनबंधु'ने १८८३ मध्येच खोटा ठरवला आहे.

१९२० : तीन किल्ल्या

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. पैसे देऊन जाहिरात छापा म्हटले तरी 'केसरी'ने ती नाकारली होती. पण आज आपण 'मूकनायक'च्या आतली रचना पाहू.

त्या काळी पत्र काढायचे तर १८६७ च्या कायद्यानुसार मुद्रकाला आणि प्रकाशकाला मॅजिस्ट्रेटपुढे जाहीर निवेदन करावे लागे. १९१० च्या प्रेस ॲक्टने नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपये जामीन मागायची सोय सरकारने करून ठेवली होती. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे सरकारी नोकरीत. त्यामुळे संपादक म्हणून नाव लागले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पैशाची सुरुवात झाली शाहू महाराजांनी दिलेल्या २५०० रुपयांतून. लेखणी बाबासाहेबांची.

नाव एकाचे, पैसा दुसऱ्याचा, लेखणी तिसऱ्याची. या तीन किल्ल्या एकत्र फिरत होत्या तोवर कुलूप उघडत होते. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला गेले, संपादकपद ज्ञानदेव घोलप यांच्याकडे आले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडला. याचा दोष कोणा एकाच्या माथी मारायची गरज नाही. शिकायचे एवढेच, की ज्या कामाचा आत्मा एकाच माणसात आहे ते काम तो माणूस बोटीत बसला की डगमगू लागते.

महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले. या वेळी संपादक म्हणून नाव बाबासाहेबांचेच. लिहिणारा दुसरा कोणी नसल्याने अंकाचे चोवीस-चोवीस रकाने आपण एकट्याने भरून काढले, असे त्यांनीच वाचकांना सांगितले. वकिली, अध्यापन, कायदे कौन्सिल, सत्याग्रह आणि वर हे पाक्षिक. नोव्हेंबर १९२९ पर्यंत ३४ अंक निघाले. आजच्या भाषेत सांगायचे तर लेखक तेच, संपादक तेच, ॲडमिनही तेच. बाबासाहेबांसारख्या माणसालाही ते फार काळ जमले नाही, हे आपल्या 'वन मॅन शो' चालवणाऱ्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

२४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' आले आणि रचना बदलली. संपादकपद देवराव नाईकांकडे. पुढे ग. नी. सहस्रबुद्धे, भा. र. कद्रेकर, बापू चंद्रसेन कांबळे, यशवंतराव आंबेडकर अशा वेगवेगळ्या माणसांनी ही जबाबदारी वाहिली. नाईक आणि सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. महाडला मनुस्मृती दहनाचा ठराव याच सहस्रबुद्ध्यांनी मांडला होता. विश्वास तपासून दिला, जात पाहून नाही. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चे 'प्रबुद्ध भारत' झाले. म्हणजे पंचवीस वर्षे हे पत्र त्या एका नावाने चळवळीबरोबर राहिले. पहिल्या दोन पत्रांच्या आयुष्याशी तुलना करा. फरक कशाने पडला? लेखणीची धार आधीही होती. या वेळी काम वाटलेले होते.

१९३६ : एका स्वल्पविरामाची किंमत

लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने परिषदेचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांना बोलावले. भाषण आधी मागवून घेतले. वाचल्यावर काही भाग गाळा, अशी सूचना आली. बाबासाहेबांनी कळवले की स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली आणि तेच भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या भाषणाचे नाव 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'.

नकार देण्याइतकाच, दिलेला नकार धुडकावून स्वतः छापण्याचा अधिकार महत्त्वाचा आहे. बाबासाहेबांना तो वापरता आला, कारण पत्रे काढून आणि छापखाना चालवून छपाईचे काम त्यांच्या अंगवळणी पडले होते.

याच भाषणात आपल्या विषयाची किल्ली आहे. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थक सांगत. बाबासाहेबांनी उत्तर दिले की ही कामाची विभागणी नाही, ही काम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. हा फरक मनात ठेवून आता पोर्टलच्या आत शिरू.

पोर्टलमधल्या पायऱ्या

बहुतेक पोर्टल ज्या वर्डप्रेसवर चालतात, त्यात पूर्वी वापरकर्त्यांना ० ते १० असे स्तर असत. जितका आकडा मोठा तितका अधिकार मोठा. निव्वळ उतरंड. २००५ च्या अखेरीस आलेल्या २.० आवृत्तीत भूमिका आल्या : ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, कॉन्ट्रिब्युटर, सबस्क्रायबर. प्रत्येक भूमिका म्हणजे ठरावीक कामांच्या परवानग्यांचा संच.

कॉन्ट्रिब्युटर लेख लिहून तपासणीसाठी पाठवू शकतो, प्रकाशित करू शकत नाही. फोटो चढवू शकत नाही. लेख एकदा प्रकाशित झाला की स्वतःच्याच लेखातली चूकही त्याला दुरुस्त करता येत नाही. ऑथर स्वतःचे लेख स्वतः प्रकाशित करतो. एडिटर सगळ्यांचे लेख बदलू, प्रकाशित करू आणि काढू शकतो. ॲडमिन याच्याही वर. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर काढायचे, हे तो ठरवतो. तो एखाद्याचे खाते डिलीट करू लागला की सॉफ्टवेअर विचारते : या व्यक्तीचे सगळे लेखन पुसायचे, की दुसऱ्याच्या नावावर करायचे? प्रश्न नीट वाचा. मतभेद झालेल्या कार्यकर्त्याचे पाच वर्षांचे लिखाण एका क्लिकवर नाहीसे होऊ शकते, किंवा दुसऱ्याच्या नावावर चढू शकते. 'तृतीय रत्न' निदान हस्तलिखितात तरी उरले होते.

भूमिका असणे वाईट नाही. कोणीही काहीही प्रकाशित करावे म्हटले तर एका खोट्या पोस्टवर गावात दंगल पेटेल आणि गुन्हा आपल्याच पोरांवर दाखल होईल. तपासणी हवीच. प्रश्न हा की या भूमिका कामाच्या आहेत की माणसांच्या. नवा मुलगा सहा महिने कॉन्ट्रिब्युटर राहून शिकतो आणि मग ऑथर होतो, तर ती श्रमविभागणी. पण एखादी कार्यकर्ती चार वर्षे लिहिते आहे, दर मोर्चाची बातमी तीच देते आहे, आणि तरी तिचा लेख 'ड्राफ्ट'मध्ये ताटकळतो, तर ती श्रमिकांची विभागणी झाली. 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली, ज्याला एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला जिनाच नाही. आपल्या पोर्टलला जिना आहे का?

आणखी एक कटू गोष्ट. ८ मार्चला आणि ३ जानेवारीला आपण भगिनींकडून लेख मागवतो. एडिटरचे लॉगिन किती जणींकडे आहे? मुक्ता साळवेची वारस आजही दुसऱ्या कोणाच्या मंजुरीवरच छापली जाणार असेल, तर १८५५ पासून आपण किती पुढे आलो?

संघाकडून शिकण्यासारखे

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली की भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे माहीत होते. विनयात कोणताही निर्णय आधी ञत्ती म्हणून संघापुढे मांडला जातो, महत्त्वाचा असेल तर तीनदा पुकारला जातो, आणि हरकत असणाऱ्याने बोलायचे असते. थेरांच्या एकट्याच्या मर्जीवर काम चालत नाही. त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोकाही सांगितला. ज्याच्याकडे पासवर्ड तो पूज्य, हा त्याच भक्तीचा छोटा अवतार आहे.

म्हणून प्रत्येक पोर्टलने बैठक घेऊन हे लिहून काढावे, असे मला वाटते :

१. डोमेन आणि होस्टिंग संस्थेच्या ईमेलवर असावे, कोणाच्या खासगी ईमेलवर नको. नूतनीकरणाची तारीख किमान तिघांना माहीत असावी.

२. ॲडमिन किमान दोन, शक्यतो तीन. पण रोजचे काम कोणीही ॲडमिन लॉगिनने करू नये. लिहिताना ऑथर, तपासताना एडिटर.

३. एकच लॉगिन पाच जणांनी वापरू नये. कोणी काय बदलले याची नोंद सॉफ्टवेअर ठेवते, पण नाव वेगळे असेल तरच ती नोंद उपयोगाची.

४. कॉन्ट्रिब्युटरचा ऑथर कधी होणार, याचा निकष आधीच जाहीर असावा.

५. लेख नाकारला तर कारण लेखी द्यावे, आठ दिवसांत द्यावे. लेखकाला दाद मागायला संपादक मंडळ असावे. लेख दुसरीकडे छापायची त्याला मोकळीक असावी.

६. प्रकाशित लेख एकट्याने काढू नये. दोघांची संमती आणि कारणाची नोंद हवी.

७. कोणी संघटना सोडली तर परवानग्या त्याच दिवशी काढाव्यात, पण खाते डिलीट करू नये. लेखन आणि त्यावरचे नाव तसेच राहिले पाहिजे.

८. एडिटरपदाला मुदत असावी, आणि त्या पदावर स्त्रिया असाव्यात.

यात कोणतीही गोष्ट महाग नाही, अवघड नाही. अडचण एकच आहे : अधिकार सोडायला मन तयार होत नाही. "ते पोर्टल बिघडवतील" हे वाक्य मी अनेक ज्येष्ठांकडून ऐकले आहे. सत्ता हातात असलेल्यांनी आपल्या बापजाद्यांबद्दल नेमके हेच वाक्य वापरले होते.

तेव्हा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय हा घ्या. आपल्या पोर्टलवर कोणाकडे कोणते अधिकार आहेत, याची यादी फळ्यावर लिहा आणि सगळ्यांसमोर वाचा. यादीत एकच नाव वारंवार येत असेल, तर ते नाव कितीही मोठे असो, जिना बांधायचे काम त्याच दिवशी सुरू करा.

जय भीम!