मांजर गाभण आहे हे कसे ओळखावे?

मांजरीचा गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो. पोट डोळ्यांत भरेपर्यंत त्यातला निम्मा काळ गेलेला असतो. म्हणून पोटाआधी स्तनाग्रे पाहा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ती गुलाबी आणि किंचित फुगलेली दिसतात. पहिलटकरीण असेल तर हा बदल जास्त उठून दिसतो.

त्याआधीची खूण म्हणजे माज थांबणे. रात्री-अपरात्रीचे ओरडणे, जमिनीवर लोळणे बंद होते. पण बोक्याशी मीलन झाल्यावर गर्भ राहिला नाही तरी माज काही आठवडे थांबू शकतो, स्तनाग्रेही फुगू शकतात. त्यामुळे एवढ्यावर विसंबू नका. काही मांजरी या काळात एक-दोन दिवस कमी खातात, क्वचित उलटीही करतात.

पिल्ले आहेत का, हे पोट दाबून बघू नका. गर्भाला इजा होऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सोनोग्राफीत गर्भ दिसतो. पिल्ले किती, हे मात्र ४५ दिवसांनंतरच्या एक्स-रेमध्येच नीट कळते.

आणि पोट वाढले म्हणजे गाभणच, असे नाही. जंतांनीही पोट फुगते. खरा धोका गर्भाशयात पू होण्याचा. माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांत मांजर मलूल झाली, पाणी फार पिऊ लागली किंवा मागून घाण वासाचा स्राव दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. अंग गरम लागले म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजरीला ती विषारी असते.