स्वयंपाकघराची भिंत : माती, चुना, सिमेंट आणि टाइल

महाराष्ट्रातील घरांच्या इतिहासात वाड्यांचे चौक, सागवानी खांब आणि कोरीव महिरपी यांची नोंद आवर्जून झाली, परंतु धूर, वाफ, तेल आणि पाणी यांचा रोजचा मारा सोसणाऱ्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक, दुरुस्तीची सर्वांत दीर्घ परंपरा याच भिंतीने जपली आहे. चूल जमिनीवर होती तोपर्यंत मातीच्या घरात ही दुरुस्ती बाईमाणसांच्या हातची होती : भिंतीचा पोपडा सुटला की शेण आणि माती कालवून तो भाग लिंपायचा, चुलीला आणि तिच्या मागच्या काळवंडलेल्या भागाला पोतेरे, म्हणजे पातळ मातीत भिजवलेले फडके, फिरवायचे आणि सणावाराआधी पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात द्यायचा. भिंत दुरुस्त करणे हा घरकामाचाच भाग असल्याने त्यासाठी गवंड्याची वाट पाहावी लागत नसे.

वीटकामाच्या वाड्यांत मात्र गवंड्याचे आणि चुन्याचे राज्य होते. चुनखडी भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. तिच्यावर पाणी घातले की ती उकळल्यासारखी फसफसते, फुलते आणि तिचा विरलेला चुना होतो. हा चुना आणि वाळू घाणीत मळली जाई. घाणी म्हणजे दगडी गोलाकार चर, ज्यात बैलाने ओढलेले जड दगडी चाक फिरत राही. अनेक किल्ल्यांवर अशा घाणी आजही पाहायला मिळतात. मिश्रणात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी असे पदार्थ स्थानिक रीतीप्रमाणे घातले जात आणि गिलाव्याला, म्हणजे भिंतीवरील लेपाला, तडे जाऊ नयेत म्हणून तागाचे बारीक तंतूही मिसळले जात. भिंतीवर चढलेला हा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून वर्षानुवर्षे हळूहळू पुन्हा दगडाच्या रूपाकडे जातो, आणि तरीही त्याची सूक्ष्म छिद्रे मोकळी राहत असल्याने भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकते. वाफेने भरलेल्या खोलीसाठी याहून योग्य लेप त्या काळी उपलब्ध नव्हता.

मुंबईतील चुनाभट्टी या वस्तीचे नाव या व्यवसायाची आठवण ठेवून आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा रोगनिवारणाच्या मोहिमेत घरांच्या भिंतींना चुना लावण्यावर भर दिला गेला. सिमेंट मात्र सावकाश आले. पोरबंदरच्या कारखान्यातून 1914 मध्ये उत्पादन सुरू झाले, 1936 मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही कंपनी स्थापन झाली, परंतु स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ सिमेंटवर सरकारी नियंत्रण राहिले. ते 1982 मध्ये अंशतः आणि 1989 मध्ये पूर्णपणे उठले. सिमेंटचा गिलावा रूढ झाल्यावरही महाराष्ट्रातील गवंड्यांनी त्यावर निरूचा, म्हणजे बारीक चाळलेल्या चुन्याचा, गुळगुळीत शेवटचा हात देण्याची पद्धत सोडली नाही. जुन्या कसबाचा तेवढा धागा टिकला.

स्टोव्ह आणि गॅस आले, स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर गेला आणि फोडणीचे शिंतोडे उभ्या भिंतीवर उडू लागले. ओट्यामागे सहा इंची पांढऱ्या, चकचकीत टाइल्सचा पट्टा आला. कंत्राटदार त्याला ‘डॅडो’ म्हणतात. पुसली की स्वच्छ होणारी ही भिंत गृहिणींना मोठा दिलासा होती, यात शंका नाही. मात्र तिच्यामागे काय चालले आहे, हे दिसेनासे झाले.

आज जुन्या इमारतीत त्या टाइल्स छिन्नी-हातोड्याने काढल्या की हा सारा इतिहास राडारोड्याबरोबर खाली पडतो : आधी सिमेंटचा जाड मसाला, त्याखाली पूर्वीचा गिलावा, कुठे चुन्याच्या पुटांचे पापुद्रे आणि शेवटी वीट. चांगला गवंडी प्रथम उरलेल्या गिलाव्यावर हातोडीने हलके ठोकून पाहतो. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा विटेपासून सुटलेला असल्याने तो काढून टाकतो, सांधे खरवडतो, धूळ झाडतो आणि भिंत भिजवून घेतो, कारण कोरडी वीट नव्या मसाल्यातील पाणी ओढून घेते. खोल खड्डे आधी भरून, ओळंब्याने भिंतीचा उभेपणा तपासून मगच गिलावा चढतो. सिमेंटचा असेल, तर पुढे किमान सात दिवस त्यावर पाणी मारावे लागते.

खरी चूक होते ती चुन्यात जोडलेल्या विटांवर सिमेंटचा कडक गिलावा थापण्यात. ओल आत कोंडते, क्षार साचतात, भिंतीला लोणा, म्हणजे पांढरी क्षारयुक्त भुकटी, लागतो आणि नवा गिलावा विटेचा पापुद्रा घेऊनच सुटतो. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा, तो वाळायला कितीही आठवडे लागले तरी. आणि त्याचा निर्णय नव्या टाइल्स लावण्यापूर्वीच घ्यायला हवा, कारण त्या लागल्यावर भिंत तपासायची तर टाइल्स पुन्हा फोडाव्या लागतात.