सॅल्मन संवर्धन, नॉर्वेतील
अटलांटिक सॅल्मन माशाची समुद्रातील जाळीदार पिंजऱ्यांत केली जाणारी शेती. १९७० च्या सुमारास ती फ्योर्डांमध्ये रुजली. तिचे सर्वांत चिवट दुखणे म्हणजे सॅल्मन-ऊ. हा कवचधारी परजीवी माशाची त्वचा व श्लेष्मा खातो आणि पिंजऱ्यांतून नैसर्गिक सॅल्मनवरही पसरतो. औषधांना तो दाद देईनासा झाला, तेव्हा उवा वेचणारे लंपफिश व रॅस मासे पिंजऱ्यांत सोडले गेले. कॅमेऱ्याने ऊ हेरून तिच्यावर लेसर मारणारी यंत्रेही आली. मात्र लंपफिश व रॅस या सफाईमाशांचे मोठ्या प्रमाणावर होणारे मृत्यू हा त्यांच्या वापराचा गंभीर दोष होय. २०१७ मध्ये किनाऱ्याचे १३ विभाग पाडून उत्पादनवाढ नैसर्गिक सॅल्मनच्या हानीशी जोडण्यात आली : हिरव्या विभागात वाढीला मुभा, लाल विभागात कपात. त्याच वर्षी फ्रोहावेट या सागरी भागात ११० मी. व्यासाचा ‘ओशन फार्म १’ हा प्रचंड पिंजरा उभारला गेला.